चश्मेवाला ल

"मौसी, आई गई."

निखिलचा फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून गॅलरीत बसले होते, आणि कानाशी एवढीच बातमी आली. निखिल आपल्या आईला आईच म्हणायचा, त्याच्या जिभेवर टिकून राहिलेला तेवढा एकच मराठी शब्द. बाकी सगळं हिंदी. आणि हिंदीत 'आई' म्हणजे 'आली'. लहानपणी शाळेच्या बसमधून उतरताना त्याची आई मृदुला दारात दिसली की तो हाका मारत सुटायचा, "आई, आई," आणि गल्लीतल्या बायका हसून विचारायच्या, "कौन आई, बेटा?" तेव्हा आम्हीही हसायचो. आता तोच शब्द... आई गई. लखनौत एखादी गोष्ट घडून गेली, लोक विसरून कामाला लागले, की म्हणतात, बात आई-गई हो गई. माझ्या मैत्रिणीच्या मरणाची बातमी मला या शब्दांत मिळाली आणि खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेही मग पाळलं गेलं नाही.

मृदुला तुळपुळे गेली त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहा म्हणून पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तेव्हा मी नको म्हटलं होतं. कर्तृत्ववान वगैरे बायकांवर लिहायला मला जमत नाही, आणि ती तशी नव्हतीच. लखनौच्या अलीगंजातल्या एका बेताच्या शाळेत लहान मुलांना इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवायची, बस. पण शेवटच्या दिवसांत ती एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि घरात तो कुणालाही कळला नाही. जिने उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडातून आवाज काढण्यात घालवला, तिचा शब्द. तो माझ्या छातीवर बसलाय. निखिलला विचारून लिहिते आहे.

ती सांगलीची. नवरा, अरविंदराव, रेल्वेत इंजिनियर, म्हणून लखनौला आली आणि इथलीच झाली. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, मी बँकेत, आम्ही सोलापूरकडचे. आमची भेट मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. आरती चालू होती, आणि माझ्या शेजारची ही गोरी, ठेंगणी बाई पुढच्या एका मुलीची हनुवटी धरून तिला कुजबुजत काहीतरी शिकवत होती. मुलगी 'ळ' म्हणायच्या जागी 'ल' म्हणत होती म्हणे. मला वाटलं, काय आगाऊ बाई आहे, देवाला कळतंय ना, मग हिचं काय जातं? प्रसादाच्या रांगेत तिने स्वतःच ओळख करून घेतली. "मी मृदुला तुळपुळे. म्हणजे सांगलीपर्यंत. इथे म्रिदुला तुलपुले. लग्नात फक्त आडनाव बदललं होतं हो, लखनौला उतरल्यावर दोन्ही बदलली." हिंदीच्या बाराखडीत ळ नाहीच, त्यामुळे लोक बिचारे काय करणार? कुणी तुलपुले म्हणे, जरा जास्त प्रयत्न करणारे तुड़पुड़े म्हणत, आणि चौकातला एक म्हातारा शिंपी, ज्याच्याकडे ती चिकनकारीचे कुर्ते शिवायला टाकायची, तो तिला सरळ 'तुरपाई मैडम' म्हणायचा. तुरपाई म्हणजे हातशिलाई. ती त्याला कधी सुधारायला गेली नाही. म्हणायची, "कापड तरी नीट शिवतो ना, नावाला घालू दे टाके."

तिच्या कामाचं स्वरूप मला फार उशिरा समजलं. मला आपलं वाटायचं, एबीसीडी शिकवायला काय अक्कल लागते? एकदा तिने मला समोर बसवून म्हणायला लावलं. कॅट. सी-ए-टी कॅट, मी म्हटलं. "त्याचं कॅट कसं होईल? ते सीएटी वाचलं जाईल. अक्षराचं नाव नको, आवाज सांग." मग मी म्हटलं, क, अ‍ॅ, ट. "आता जोड." जोडलं तर कअ‍ॅटअ असलं काहीतरी निघालं, मांजर पळून जाईल असं. ती खो खो हसली. म्हणाली, आपल्या देशात हीच गोची आहे, आपल्या प्रत्येक अक्षराच्या पोटात अ बसलेला असतो, तो काढल्याशिवाय पोराला इंग्रजी शब्द जोडता येत नाही. क नव्हे, क्. ट नव्हे, ट्. "पाय मोडायचा गं अक्षराचा. शाळेत शिकलीस ना, पाय मोडका क?" शिकले होते की. फक्त त्याचा असा उपयोग असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता हेच पाय मोडणं तिला केवढ्याला पडलं पाहा. मराठीत आपण सहज म्हणतो, अक्षराचा पाय मोडला. मृदुलाने वर्गात त्याचं हिंदी केलं, टाँग तोड़ दो. ब की टाँग तोड़ो, म की टाँग तोड़ो. चार वर्षांची पोरं घरी जाऊन आनंदाने सांगायला लागली की आज मैडमने सबकी टाँग तुड़वाई. एका मुलाचे वडील तावातावाने शाळेत आले. त्यात हिंदीत 'अंग्रेज़ी की टाँग तोड़ना' म्हणजे वाट्टेल तशी मोडकीतोडकी इंग्रजी बोलणं. त्यांचं म्हणणं, आम्ही एवढी फी भरतो आणि मैडम स्वतः कबूल करतात की त्या अंग्रेज़ी की टाँग तोड़ रही हैं, वर पोरगा घरी नुसता फुस्स-फुस्स करतो, एबीसीडी म्हणतच नाही. प्रिन्सिपलच्या खोलीत या बाईने काय करावं? तिने त्या गृहस्थांना समोर बसवलं, तळहाताएवढा आरसा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "भाईसाहब, ब बोलिए. अब सिर्फ़ आधा ब. मुँह देखिए अपना." गृहस्थ ओठ मिटून बसले. आधा ब काही येईना. शेवटी आला, आणि त्यांनाच हसू फुटलं. हे सगळं तिने मला बडे मंगलला, म्हणजे जेठातल्या मारुतीच्या मंगळवारी, सांगितलं होतं, हनुमान मंदिराच्या रस्त्यावरच्या मांडवात पुरी-सब्जीचे द्रोण हातात घेऊन आम्ही उभ्या होतो, आणि माझ्या नाकात शरबत गेलं होतं हसून.

तिचा वर्ग मी पुढे कितीदा तरी पाहिला. आरसा, कागदाची पट्टी आणि स्वतःचं तोंड, एवढंच सामान. ओठासमोर पट्टी धरून प म्हटलं की ती हलते, म म्हटलं की हलत नाही. स् म्हणताना गळ्यावर हात ठेवला तर काही लागत नाही, ज़् म्हणताना गळा गुणगुणतो. प्रत्येक पोराचा हात धरून ती आपल्या गळ्यावर ठेवायची. "जवळ ये, माझं तोंड बघ," हे वाक्य मात्र तिच्या तोंडून कायम मराठीत यायचं. हिंदी कितीही चांगली झाली तरी पोराला बोलावताना जवळच. मुलांनीही ते उचललं होतं. मधल्या सुट्टीत एकमेकांना हाका मारायची, "अबे जवड़ आ ना." अलीगंजच्या त्या गल्लीत आज वीस-पंचविशीतले कितीतरी मुलगे असतील ज्यांना जवड़ म्हणजे पास हे ठाऊक आहे आणि का ठाऊक आहे ते आठवत नाही. आणि तिची आणखी एक रीत होती. मूल चुकलं की ती कधीही 'पुन्हा म्हण' असं सांगत नसे, फक्त आपल्या तोंडाकडे बोट दाखवायची. बरोबर आलं की मगच म्हणायची, "फिर से." मी विचारलं, उलटं कसं गं? तर म्हणाली, चुकलेलं पुन्हा म्हणायला लावलं की चूकच पक्की होते, बरोबर आलेलं पक्कं करायचं.

भिंतीवर तिने हाताने काढलेली अक्षरांची कार्डं लावलेली असत, इंग्रजीची आणि हिंदीची. हिंदीच्या ओळीत शेवटी एक जास्तीचं कार्ड होतं. ळ. लखनौच्या पोरांना ळ कशाला, असं मी तिला विचारलं होतं. "जिभेचा व्यायाम," ती म्हणाली. "जीभ उलटी वळवून टाळूला लावायची आणि बाजूंनी हवा सोडायची. ज्याला ळ आला त्याला जगातलं काहीही म्हणता येईल." मुलं त्याला चश्मेवाला ल म्हणत, कारण ते अक्षर चष्म्यासारखं दिसतं. ळ शिकवताना ती पोराची बोटं आपल्या हनुवटीखाली, जबड्याच्या हाडाला लागून ठेवायची. तिथे जीभ वळताना हाताला लागते. तुम्ही आत्ता करून पाहा, लागेल. कितीतरी शुक्ला, सिद्दीकी आणि यादवांची मुलं तिथे हात ठेवून स्वच्छ ळ म्हणायला शिकली.

शिकला नाही तो तिचा स्वतःचा मुलगा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. निखिल मोठ्या शाळेत बसने जायचा, आईच्या वर्गात कधी बसला नाही. घरी तिने प्रयत्न केले, तो ड़ म्हणायचा. एकदा शाळेत कुणीतरी त्याच्या आडनावावरून चिडवलं, तेव्हा घरी येऊन त्याने सांगून टाकलं, "मुझे नहीं बोलना. मैं तुलपुले हूँ, बस." मृदुलाने मग नाद सोडला. मराठी त्याला सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. आमच्या सगळ्यांच्याच घरी हे झालं आहे, कुणी कुणाला नावं ठेवायची? मी मात्र तिच्यावर चिडायचे. जगाला शिकवतेस आणि पोटचा पोरगा तसाच. ती म्हणायची, "येईल गं, त्याला गरज पडली की येईल." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

पुढे सगळं उतरणीलाच लागलं. अरविंदराव गेले. निखिल नोएडाला नोकरीला लागला. शाळेने मुलांना टॅब दिले, त्यातली बाई परदेशी हेल काढून आवाज म्हणून दाखवते आणि मुलाने म्हटलेलं बरोबर की चूक हे टॅबच ठरवतो. मृदुलाला शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. तिने बाहेरच्या खोलीत कार्डं लावली, बसायला बुटकी स्टुलं आणली, काही दिवस गल्लीतली चार पोरं आली. मग ती पोरंही कोचिंगला गेली. रिकाम्या स्टुलांमध्ये ती बसलेली असायची. मी विचारलं, "ही स्टुलं माळ्यावर टाकू या का?" तर म्हणाली, "असू दे. कुणी आलं तर उभं थोडंच करायचं?" कुणी येत नव्हतं. तिलाही ते माहीत होतं.

मग एका जेठात, ऐन उन्हाळ्यात, तिला अर्धांगवायूचा झटका आला. नळाखाली भाजी धूत होती, तिथेच पडली. मोलकरणीने मला बोलावलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत होतं सगळं, ते डोळ्यांत दिसायचं, पण तोंडाकडून काही यायचं नाही. देवाला एक बाजू पुरली नाही का हो घ्यायला? हात घेतला, पाय घेतला, त्यावर एकवेळ मी काही बोलले नसते. एखाद्या शिंप्याच्या हातातून सुई काढून घ्यावी तसं नेमकं बोलणंही काढून घेतलं. निखिल आला. मुलगा गुणी, त्यात शंका नाही. ऑफिसला कळवून लॅपटॉपसकट आईच्या घरी येऊन राहिला, आईचं खाणंपिणं, औषधं, अंग पुसणं, सगळं स्वतः केलं.

हॉस्पिटलातून आल्यावर बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. मी दुपारी जायचे. मृदुलाचाच तो आरसा घेऊन मी तिच्यासमोर बसायचे आणि तिने जसं शिकवलं असतं तसं शिकवायचे, आधी ओठांचे आवाज, म, प, ब. तिला त्याची गंमत वाटायची, अर्ध्या तोंडाने हसायची. मी चुकीचं काही केलं की डोळ्यांनी दटावायची, म्हणजे मास्तरीण कोण ते त्या अवस्थेतही ठरलेलं होतं. आणि एक दिवस तिने ताटलीतल्या केळ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "केळं." ल नीट येत नव्हता, पण ळ आला. सांगलीचा, घट्ट, जाडजूड ळ. मी तिला मिठी मारून रडले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीसमोर पुन्हा म्हणायला लावलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "नहीं आंटी, केड़ा नहीं. केला. ला, ला." मी सांगू लागले की आमच्या भाषेत हा आवाज असतो, तर तिने निखिलला बाजूला घेऊन समजावलं की पेशंटचा गोंधळ होतो, घरात एकच भाषा ठेवा. निखिल मला हात जोडून म्हणाला, "मौसी, प्लीज़. आप भी हिंदी में ही बोलिए. कन्फ्यूज़ हो रही हैं." त्या मुलीचा तरी काय दोष? जो आवाज तिच्या कानाने कधी ऐकलाच नाही, तो तिला चूकच वाटणार. पण माझ्या डोळ्यांसमोर मृदुलाला आलेला एकुलता एक बरोबर आवाज चूक ठरला, आणि मृदुलाने माझ्याकडे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर तिने ळ म्हणायचं सोडलं. निखिल नसला की मी मराठीत बोलायचे, ती ऐकून घ्यायची. मग माझ्या डोळ्याची तारीख आली, लेकीने पुण्याला नेलं, ऑपरेशननंतर प्रवास बंद. जाताना मृदुलाला म्हटलं, "आलेच मी." तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

परत आले ती तेराव्याला. बाहेरच्या खोलीत सतरंजी, फोटो, हार, आणि भिंतीवर अजून ती कार्डं. माणसं पांगल्यावर निखिल माझ्याजवळ येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "मौसी, लास्ट में आई को जबड़े में बहुत दर्द था." मी म्हटलं, जबड्यात? असं कधी नव्हतं. "था ना. मेरा हाथ पकड़ के यहाँ रखती थीं," त्याने बोटं आपल्या हनुवटीखाली हाडाला लागून ठेवली, "और बोलती थीं, जबड़ा. पूरा निकलता भी नहीं था बेचारी से. जवड़, जवड़... ऐसे. दिन भर." मग त्याने सगळं सांगितलं. दातांच्या डॉक्टरला घरी आणलं. त्याला काही सापडलं नाही, पण तो म्हणाला, बोलायचा प्रयत्न करून ताण पडत असेल, गप्प राहू द्या. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. निखिलने शेक दिला, मलम चोळलं. "मैं सामने बैठता तो फिर बोलने लगती थीं. मैं कहता, मत बोलो आई, दर्द होगा. तो मैंने टेबल बाहर लगा लिया, इस कमरे में. कि मुझे देखेंगी नहीं तो आराम करेंगी." आणि ती गेली तेव्हाही तो याच खोलीत होता. ऑफिसची मीटिंग चालू होती, दार लोटलेलं होतं.

मला तिथल्या तिथे कळलं. जवळ. ती त्याला जवळ बोलावत होती. तोंडातून नीट येत नाही हे तिला कळत होतं, म्हणून ज्या रीतीने तिने हजार पोरांना शिकवलं त्याच रीतीने त्याचा हात धरून तिथे ठेवत होती, म्हणजे कानाला नाही कळलं तर बोटांना तरी कळेल. जवळ हा शब्द त्याला माहीत नव्हता असं नाही. पण अर्ध्या तोंडाने म्हटलेला, हात जबड्यावर, आणि घरात फक्त हिंदी ऐकायची असं ठरलेलं. त्याने हिंदीच ऐकली. तिने जितक्यांदा जवळ म्हटलं तितका तो लांब गेला, प्रेमानेच गेला. आता मी कुणाला धरून बडवू, सांगा? त्याला? त्या थेरपीवाल्या मुलीला? माझ्या डोळ्याला? मी पुण्याऐवजी तिथे असते तर एका क्षणात सांगितलं असतं. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याला काय अर्थ?

"सब किया ना मौसी मैंने?" निखिलने विचारलं. "कुछ छूटा तो नहीं?"

"हो रे बाळा," मी म्हटलं, "सगळं केलंस." आणि ठरवलं की हे माझ्याबरोबरच जाईल. आई तर गेलीच आहे, पोराला जन्मभर जाळून काय मिळणार?

महिन्याभराने त्याने घर रिकामं करायला काढलं. मी मदतीला गेले. पलंग, कपाटं सकाळीच गेली होती. बाहेरच्या खोलीत तो भिंतीवरची कार्डं उतरवत होता, चिकटपट्टी पिवळी पडून भिंतीचा रंगही सोबत निघत होता. शेवटचं कार्ड हातात घेऊन तो थांबला. "चश्मे वाला ल," म्हणाला. "मौसी, ये मुझसे कभी नहीं हुआ. ऑफिस में पूछते हैं सरनेम कैसे बोलते हैं, मैं कहता हूँ तुलपुले ही है. अब तो तुलपुले मैं अकेला बचा. तुम सिखा दो."

मी म्हटलं, आता कशाला, राहू दे, सामान आवर. त्याने ऐकलं नाही. एक बुटकं स्टूल ओढून माझ्यासमोर बसला, गुडघे छातीशी आलेला एवढा मोठा माणूस. मला नाही म्हणवेना. दुसरी कुठली रीत मला येतही नव्हती, मी मृदुलाचीच शिष्या. त्याची बोटं धरून माझ्या हनुवटीखाली ठेवली आणि म्हटलं, "ळ."

"ड़," तो म्हणाला.

मी तोंडाकडे बोट दाखवलं. जीभ अशी वळव, टाळूला लाव, बाजूंनी हवा सोड. पुन्हा ड़. "कोई वर्ड दो ना, मौसी." मी दिले. केळं. फळा. कावळा. टाळी. तो केड़ा, फड़ा म्हणत राहिला. शब्दांना काय तोटा आहे मराठीत, मी एकामागून एक देत होते, एकच सोडून. आणि मग तो बोलायचा थांबला. माझ्या हनुवटीखाली ठेवलेल्या आपल्याच बोटांकडे बघत होता.

"मौसी... ये तो वही जगह है."

मी घाईने पुढचा शब्द दिला. डोळा.

"आई यहीं रखती थीं."

मला मान फिरवायची होती, पण त्याची बोटं तिथे होती. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत होता. मग लहान मुलं जोडून वाचतात तसं त्याने सावकाश, सुटं सुटं म्हटलं, "ज... व..." त्याची जीभ वळली, ते मला त्याच्या गालावरून दिसलं.

"जवळ."

पहिल्याच खेपेला. स्वच्छ, सांगलीचा ळ. मृदुला असती तर म्हणाली असती, फिर से. माझ्या तोंडून ते निघालं नाही. त्याने बोटं काढली नाहीत, आणि कुणी न सांगता आपणच पुन्हा म्हणाला, जवळ. मग पुन्हा.